किनाऱ्यावरच्या घराची एरियल



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी 'एरियल' एवढाच शब्द सांगितला. ते जरा वेळ स्वस्थ बसले आणि मग म्हणाले, "मास्तर, एका एरियलवर तासभर बोलता येईल?" मी म्हटले, "उभ्या एरियलवर नाही येणार. पडलेल्या एरियलवर येईल." माझी एरियल ३ जून २०२० च्या दुपारी पडली. ती का पडली, पडली नसती तरी तिचा काय उपयोग होता, आणि तिच्या जागी मी काय उभे केले, एवढीच आजच्या व्याख्यानाची हकीकत आहे.

प्रथम एक खुलासा. मी हौशी रेडिओवाला आहे. केंद्र सरकारची परीक्षा द्यावी, परवाना घ्यावा, मग आपल्या घरात बोलण्या-ऐकण्याचे यंत्र ठेवता येते. सरकार आपल्याला एक संकेतनाम देते. आपल्या देशातील बहुतेक संकेतनामे 'व्ही यू' ह्या दोन अक्षरांनी सुरू होतात. ह्या यंत्रावरून व्यापार करावयाचा नाही, गाणी लावावयाची नाहीत, फक्त दुसऱ्या परवानाधारकाशी बोलावयाचे. घरातील मंडळींना हा निरुद्योग वाटतो, आणि वर्षातील तीनशे साठ दिवस तो तसाच असतो हे मी मान्य करतो. प्रश्न उरलेल्या चारपाच दिवसांचा आहे.

ते दिवस आपण सर्वांनी पाहिले आहेत. निसर्ग चक्रीवादळ आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड ह्या भागांतील माडांच्या आणि पोफळींच्या वाड्या दोनतीन तासांत आडव्या झाल्या. विजेचे खांब गेले, मोबाइलचे मनोरे मुके झाले. काही गावांना वीज परत यायला कित्येक आठवडे लागले. माझी धाकटी बहीण श्रीवर्धनकडे असते. तिचे घर उभे आहे की नाही, हे मला अलिबागजवळच्या माझ्या गावी पाचव्या दिवशी कळले. एक गृहस्थ मोटारसायकलवरून आले, त्यांनी सांगितले. माझा मुलगा पुण्याला. त्याला आम्हा दोघांचीही खबर नव्हती. आणि माझ्या टेबलावर चांगले चालते यंत्र होते, शेजारी भरलेली मोटारीची बॅटरी होती, खिशात वीस वर्षांचा परवाना होता. नव्हती ती एरियल.

वाईट वाटले ते पुढे. पुण्याचे माझे एक रेडिओमित्र नंतर भेटले. ते म्हणाले, "आम्ही दोन दिवस सात मेगाहर्ट्झवर कान लावून बसलो होतो. किनाऱ्यावरून कोणीतरी बोलेल असे वाटत होते." तेव्हा माझ्या ध्यानात आले, की माझी एरियल वादळात तगली असती तरी मी त्यांच्यापर्यंत पोचलो नसतो. ती सात मेगाहर्ट्झची नव्हतीच. मी निवडतानाच चुकलो होतो. वादळाने ती चूक उघडी पाडली एवढेच.

आता एरियल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. विद्युत्प्रवाह तारेत सेकंदाला लाखो वेळा पुढे-मागे झुलवला, की तारेतून लहरी बाहेर पडतात. किती वेळा झुलतो त्यावर लहरीची लांबी ठरते. हिशेब सोपा आहे. तीनशे ह्या आकड्याला मेगाहर्ट्झने भागले की लांबी मीटरमध्ये मिळते. (आमच्या पिढीतील काहीजण अजून मेगासायकल म्हणतात, चालेल.) ७.१ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४२ मीटर लांब. १४५ मेगाहर्ट्झची जेमतेम दोन मीटर. तार त्या लहरीच्या निम्मी असली की ती लहरीशी सूर जुळवून घेते. तंबोऱ्याच्या तारेचेच नाते आहे. प्रत्यक्षात टोकांच्या परिणामामुळे तार पाचेक टक्के आखूड ठेवावी लागते. म्हणून ७.१ मेगाहर्ट्झसाठी तार २० मीटर, मधोमध तोडलेली, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. ह्याला डायपोल म्हणतात. १९४२ साली मुंबईत उषा मेहता व त्यांचे सहकारी काँग्रेस रेडिओ चालवीत, तो ४२.३४ मीटरवर बोलत असे. भागाकार करून पाहा, सात मेगाहर्ट्झच्या थोडे वर. त्यांना पोलिसांच्या भीतीने सारख्या जागा बदलाव्या लागत. जागा बदलली की एरियलही नव्याने बांधणे आले. ती माणसे कशी धीराची असतील ह्याचा विचार, वीस मीटर तार शेजाऱ्याला न दिसेल अशी टांगण्याचा प्रयत्न केल्यावाचून येत नाही.

माझी चूक कशी झाली ते सांगतो. मी जाहिरात वाचली. सव्वापाच मीटर उंचीची, पांढऱ्या फायबरच्या नळीतली, दोन मीटरच्या लहरींसाठी केलेली उभी एरियल. 'शक्ती इतकी पट वाढवते' असे तिच्याबद्दल लिहिले होते. एरियल शक्ती वाढवीत नाही. कणकेचा गोळा तेवढाच असतो. तो तुम्ही फुलक्याएवढा लाटा किंवा मोठ्या पोळीएवढा. जास्त उंचीची उभी एरियल तोच गोळा पातळ लाटून क्षितिजाच्या दिशेने दूर पसरवते, वर आकाशाकडे काही जाऊ देत नाही. समुद्राकडे तोंड असलेल्या माणसाला हे फार छान. अलिबाग ते कुलाबा सरळ रेषेत सुमारे तीस किलोमीटर, मध्ये नुसते पाणी. मी मुंबईच्या मित्रांशी घरात बोलल्यासारखा बोलत असे.

ह्या आखूड लहरी जवळजवळ सरळ जातात. त्या कुठवर पोचतील ह्याचा एक हिशेब आहे: एरियलच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा, तेवढे किलोमीटर. दहा मीटर उंचीला तेरा किलोमीटर. समोरच्या माणसाचे तेवढेच मिळवा. समोरचा मुंबईतील साठ मीटर उंच इमारतीवर असेल तर त्याचे बत्तीस, म्हणजे दोघांचे मिळून पंचेचाळीस. पण हा हिशेब मोकळ्या पाण्याचा. आता तोंड पूर्वेकडे फिरवा. पुणे आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच आहे, मुंबईच्या तिप्पट-साडेतीनपट. पण मध्ये सह्याद्री बसला आहे. माझी पातळ लाटलेली पोळी त्याच्या पायथ्याशी जाऊन आपटत होती. श्रीवर्धनकडेही तेच, मध्ये मुरूड-फणसाडचे डोंगर आणि दिघीची खाडी. पोलादपूर-महाडच्या खोऱ्यांबद्दल तर बोलावयासच नको. डोंगरमाथ्यावर पुनर्प्रक्षेपक असला तर डोंगर ओलांडता येतो खरे. पण वादळात त्याचीही वीज जाते आणि त्याचीही एरियल उडते.

मग डोंगर ओलांडावयाचा कसा? वरून. सात मेगाहर्ट्झच्या लहरीला वातावरणाच्या वरच्या थरांत, शेदोनशे-तीनशे किलोमीटर उंचीवर, सूर्याने विद्युन्मय केलेला प्रदेश भेटतो. तिथून ती परत फिरते. जवळजवळ सरळ वर सोडलेली लहर सरळ खाली येते आणि भोवतालच्या तीनचारशे किलोमीटरांत शिंपडली जाते. सह्याद्री तिच्या वाटेत येतच नाही. आपण अंगणात उभे राहून पाण्याची पिचकारी वर सोडली तर कुंपणापलीकडचा माणूसही भिजतो, तसे. आणि गंमत अशी, की ह्यासाठी एरियल उंच नको. सात मेगाहर्ट्झचा डायपोल जमिनीपासून पाच ते आठ मीटरांवर ठेवला की लहर वरच जाते. पुस्तकांत 'एरियल शक्य तितकी उंच बांधा' असे जे लिहिलेले असते, ते अमेरिकेशी बोलू पाहणाऱ्यांसाठी आहे. ज्याला पुण्याशी, कोल्हापूरशी, नाशिकशी बोलावयाचे आहे त्याने घराच्या कौलांपेक्षा थोडी वर तार बांधावी. रात्री, विशेषतः सूर्य मंदावलेला असेल त्या वर्षांत, वरचा थर विरळ होतो आणि सात मेगाहर्ट्झ निसटून जाऊ शकते. तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झवर उतरावे लागते, म्हणजे तार दुप्पट. २०२० साल असेच मंद होते. सूर्याच्या ह्या लहरीपणाची नोंद ठेवणारी एक जागा आपल्याच गावात आहे. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा, मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या म्हणून, १९०४ साली अलिबागला आणली गेली. तिच्या कागदावर जेव्हा चुंबकीय वादळाची रेघ थरथरते, तेव्हा आमच्या कानांत नुसती खरखर येते.

तर मी जुन्या एरियलची नळी भंगारात दिली आणि एक तार बांधली. मधोमध सात मीटरचा बांबू, दोन्ही टोके उतरती, आढ्यासारखी. टोके माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर. सगळा खर्च त्या नळीच्या दहाव्या हिश्शानेही झाला नाही. तार घरातल्या वायरिंगची, प्लास्टिकच्या आवरणाची तांब्याची. येथे एक बारीक गोष्ट: आवरणामुळे लहर तारेत किंचित मंद होते, म्हणून पुस्तकातील वीस मीटर आपल्याला लांब पडतात. मी दोन्ही बाजूंनी पंचवीस-पंचवीस सेंटिमीटर कमी केले तेव्हा सूर लागला. पण आधी लांबच कापावी आणि मग चिमूटचिमूट कमी करावी. आखूड कापलेली तार वाढत नाही. मी हे माझ्या विद्यार्थ्यांना तीस वर्षे पायजम्याचे उदाहरण देऊन सांगत आलो, आणि स्वतः पहिली तार आखूडच कापली.

सूर लागला हे कळते कसे? त्यासाठी एक मापक असतो, परत आलेल्या लहरींचे प्रमाण दाखवणारा. आपण बंदराच्या धक्क्यावर उभे राहून पाहिले असेल. लाट उभ्या भिंतीवर आपटते, परत फिरते, येणाऱ्या लाटेत मिसळते आणि पाणी एकाच जागी वरखाली नाचत राहते. तीच लाट वरसोलीच्या उतरत्या वाळूवर आली की शांतपणे जिरते. यंत्रातून निघालेल्या शक्तीला एरियल धक्क्यासारखी वाटते की वाळूसारखी, एवढेच तो मापक सांगतो. १ म्हणजे सगळे जिरले. २ आले तरी शंभरातले अकराच परत येतात. ३ आले की पंचवीस. आमचे काही मित्र १.३ चे १.१ करण्यासाठी आठवडा घालवतात. बोलणे ऐकणाऱ्याला त्यात काडीचाही फरक कळत नाही.

आणि हा मापक फसवतोही. माझ्या जुन्या एरियलचा मापक वर्षभर सुंदर १.२ दाखवीत होता, आणि मुंबईचे मित्र म्हणत होते की तुमचा आवाज दिवसेंदिवस खोल जातोय. मी यंत्र उघडले, एरियल उतरवली, काही सापडेना. शेवटी केबल कापून पाहिली. वरच्या जोडातून खारे पाणी शिरून आतली तांब्याची जाळी हिरवी-काळी झाली होती. शक्ती वर जाताना निम्म्याहून जास्त जिरत होती, परत येताना उरलेली जिरत होती. मापकापर्यंत काही परतच येत नव्हते, म्हणून मापक खूष! मापक चांगला आणि आवाज वाईट असेल तर केबलवर संशय घ्यावा.

केबलबद्दल आणखी एक. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदाराने मला बारीक केबल दिली आणि 'सब चलता है' म्हणून सांगितले. सात मेगाहर्ट्झवर खरोखर चालते. पण १४५ मेगाहर्ट्झवर आरजी-५८ जातीची तीस मीटर केबल शक्तीचे तीन हिस्से खाऊन टाकते, वर एकच पोचतो. जाड आरजी-२१३ घेतली तर निम्मी पोचते. तेव्हा महाग एरियल घेण्याआधी केबल आखूड करता येते का पाहावे. यंत्र खिडकीजवळ आणले तरी एखादवेळी काम होते.

आपल्या किनाऱ्यावर एरियलचा खरा शत्रू वारा नाही, मीठ आहे. वारा वर्षातून एकदा येतो, मीठ रोज येते. कोळी बांधवांना हे आपल्यापेक्षा चांगले माहीत आहे. लोखंडी तळ वाचावा म्हणून बोटीला जस्ताचे तुकडे लावतात, आधी जस्त झिजते. तोच न्याय येथे. ॲल्युमिनियमच्या नळीला तांब्याची तार सरळ आवळली तर दोन पावसाळ्यांत नळीची पूड होते. मध्ये स्टेनलेस स्टीलचा वॉशर घालावा, ग्रीस माखावे, वर रबराची एकजीव होणारी पट्टी गुंडाळावी. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन जोडावर लावू नये, ते तांबे खाते. केबल खिडकीतून आत घेण्यापूर्वी खाली एक वळसा द्यावा म्हणजे पाणी वळशावरून गळते, यंत्रात येत नाही. हे शेवटचे मला आमच्या घरच्या मोलकरणीने सांगितले. तिच्या घरी छपराच्या तारेवरून पाणी भिंतीत उतरत होते.

तारेचे टोक माडाला बांधावे की नाही, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. दुसरे काही उंच नसेल तर काय करणार? पण माड वाऱ्यात डोलतो, तार डोलत नाही, ती तुटते. मी टोकाला दोरी लावली, दोरी विहिरीच्या जुन्या रहाटाच्या कप्पीवरून घेतली आणि खाली एक दगड टांगला. माड वाकला की दगड वर जातो, माड सरळ झाला की खाली येतो. नायलॉनची दोरी उन्हाने दोनतीन वर्षांत कुजते, म्हणून दरवर्षी मे महिन्यात बदलतो. वीज मात्र माडावर हमखास पडते. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात, गडगडाट ऐकला की केबल यंत्रातून काढून खिडकीबाहेर टाकावी. त्यात आळस करू नये. जमिनीत पुरलेला सळईचा अर्थिंग चांगला. पण 'अर्थिंग आहे, आता बोलत बसू' असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

मुंबईशी बोलणेही मला सोडवत नव्हते. तेव्हा दोन मीटरच्या लहरींसाठी स्वस्तातले काही करावे असे ठरवले. बंदरावर एका नौकेवरून उतरवलेली जुनी एरियल मिळाली, पोलादी काडीची. नौकांचा हाकेचा सागरी मार्ग १५६.८ मेगाहर्ट्झवर असतो. त्यासाठी पाव लहरीची काडी साडेपंचेचाळीस सेंटिमीटर. मला हवी १४५ ला, म्हणजे एकोणपन्नास. साडेतीन-पावणेचार सेंटिमीटरांचाच फरक! काडीला तुकडा जोडण्याच्या खटपटीत न पडता स्टेनलेसची नवीन काडी एक्कावन्न सेंटिमीटर कापून बसवली आणि कानशीने घासत घासत सुरात आणली. बैठकीखाली तशाच चार काड्या चारी दिशांना, आडव्या नव्हे, खाली झुकलेल्या. आडव्या ठेवल्या तर केबलशी नीट जमत नाही. छत्रीच्या काड्यांसारख्या उतरत्या ठेवल्या की जमते. नळीत बंद केलेल्या एरियल असतात त्या मात्र उघडू नयेत, आतील गुंडाळी पुन्हा बसत नाही. आणि चालू नौकेवरच्या एरियलला तर कोणीही हौसेने हात लावू नये. तो खलाशांच्या जिवाचा प्रश्न आहे.

दुसरे साहित्य आपल्या सर्वांच्या छपरांवर होते. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले, आणि पुढे आपल्या किनाऱ्यावर घरोघर ॲल्युमिनियमच्या त्या माशाच्या काट्यासारख्या एरियल उभ्या राहिल्या. त्यांचे तोंड मुंबईकडे, खाली बूस्टर, आणि रविवारी सिनेमाच्या वेळी एकजण छपरावर चढून ती फिरवणार आणि खालून सगळे घर ओरडणार, "आलं, आलं, गेलं!" ह्या रचनेला यागी म्हणतात, जपानात यागी आणि उडा ह्या दोघांनी ती १९२६ च्या सुमारास पुढे आणली. यश मात्र एकट्या यागींच्या नावावर जमा झाले. आता त्या एरियलचे काम संपले आहे. पण नळ्या उत्तम आहेत. त्या साठ-पासष्ट मेगाहर्ट्झसाठी कापलेल्या, म्हणजे सव्वादोन मीटरांच्या आसपास. एकीचे दोन तुकडे केले की आपल्या दोन मीटरच्या लहरींना पुरतात. मागची नळी १०३ सेंटिमीटर, मधली ९८, पुढची ९३, प्रत्येकीत सुमारे चाळीस सेंटिमीटरांचे अंतर. साध्या डायपोलच्या तिप्पट जोर एका दिशेला मिळतो. दोन पथ्ये आहेत. दूरदर्शनच्या नळ्या आडव्या असत. आपल्या बोलण्याच्या एरियल उभ्या असतात, म्हणून संपूर्ण सांगाडा नव्वद अंशांत फिरवावा, नाहीतर समोरच्याला आवाज फार क्षीण पोचतो. आणि उभ्या नळ्यांमध्ये लोखंडी खांब आला तर तोही एक नळी होऊन बसतो आणि सगळा हिशेब बिघडवतो. सांगाडा मागच्या टोकाला धरावा किंवा खांब बांबूचा घ्यावा.

बांबूवरून शेवटचा मुद्दा, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी चाळीसच्या वाऱ्यात डुलणाऱ्या खांबावर एकशेवीसच्या वाऱ्यात नऊपट दाब येतो. नऊपट दाब सोसणारा खांब बांधण्यापेक्षा दहा मिनिटांत उतरवता येणारा खांब बांधावा. माझा बांबू आता तळाशी बिजागरीवर आहे. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याबाहेरून गेले, त्याच्या आदल्या दिवशी मी आणि शेजारचा मुलगा मिळून तो आडवा करून दावणीने बांधून ठेवला. वादळ सरल्यावर उभा केला, बॅटरी जोडली, आणि सात मेगाहर्ट्झवर पुण्याला हाक घातली. पलीकडून उत्तर आले. तिकडून मुलाला फोन गेला. एवढेच संभाषण. फार मोठे काही नाही.

मोठे काय असू शकते ते अंदमानात दिसले होते. भारती प्रसाद नावाच्या बाई २००४ च्या डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला हौशी रेडिओचे केंद्र चालवीत होत्या. जगभरच्या लोकांशी केवळ हौसेने बोलण्यासाठी गेल्या होत्या. २६ तारखेला सकाळी भूकंप आणि त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले, आणि त्याच केंद्रावरून लोकांचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले. त्या हौसेसाठी गेल्या नसत्या तर तिथे एरियल उभीच नसती.

तेव्हा आपल्यापैकी कोणाला, विशेषतः विद्यार्थ्यांना, ह्यात यावेसे वाटले तर आधी परीक्षा द्यावी. परवान्याशिवाय यंत्राचे बटण दाबणे गुन्हा आहे. ऐकायला मात्र साधा लघुलहरींचा रेडिओ आणि एक तार पुरते, आणि एरियल बांधणे ऐकतऐकतच शिकावे. परीक्षेत विजेचे मूलतत्त्व आणि नियम विचारतात. बारावीच्या मुलाला कठीण नाही, जिद्दीच्या आठवीच्या मुलीलाही नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. मंडपाच्या मागे, विहिरीच्या बाजूला, मी दूरदर्शनच्या नळ्यांची एरियल बांबूवर उभी केली आहे. साडेआठ वाजता मुंबईचे एक मित्र हाक देणार आहेत. ज्यांना ऐकावयाचे असेल त्यांनी यावे. नळ्यांना हात लावू नये, आणि जाताना खाली दोरी आहे ती पाहून पाय टाकावा.